रक्त आपले, कागद कोणाचा?

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरातील सत्ता माझ्या हातून जाते. एरवीही ती माझ्या हातात असते असे नाही. पण निदान माझी पुस्तके तरी माझी असतात. या आठवड्यात तीही नसतात. परवा असाच माळ्यावर चढून मी एकेक डबा खाली देत होतो, आणि अंगणात खाट टाकून बसलेले आप्पा, म्हणजे आमचे वडील, प्रत्येक डब्याकडे पाहून 'राहू दे' म्हणत होते. आप्पांच्या मते घरातील कोणतीच वस्तू टाकण्याजोगी नसते. शेवटी त्यांची पत्र्याची पेटी निघाली. तीत जुन्या पगाराच्या पावत्या, चश्म्याचे एक भिंग, आणि तळाशी, कागदात गुंडाळलेली, बोटभर लांबीची लाल लाखेची कांडी.

"आप्पा, ही तरी टाकू?"

"राहू दे रे. ती बाटल्यांची लाख आहे."

आप्पा चौतीस वर्षे सरकारी रुग्णालयांतील प्रयोगशाळांत होते. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून मलेरियाचे जंतू मोजण्यात त्यांची उमर गेली. पण वाचकहो, त्या खोलीत दोन प्रकारचे रक्त येत असे. एक रोग्याचे आणि दुसरे आरोपीचे. रोग्याच्या रक्ताच्या बाटलीला साधे बूच पुरे. आरोपीच्या बाटलीला मात्र लाख लागे, मोहोर लागे, चिठ्ठी लागे आणि हवालदाराची सही लागे. मेणबत्तीवर लाख वितळवून ती बुचावर ओतताना आप्पांची बोटे भाजत. 'फौजदारी बोटे' असे आमची आई त्यांना म्हणे.

आणि बाटली जर एकच असेल तर? रक्त घेतले रोग्याचे म्हणून, आणि पुढे तोच निघाला आरोपी! मग ते रक्त कोणाचे? त्याच्या तपासणीचा कागद डॉक्टरचा, रोग्याचा, की पोलिसांचा? हा प्रश्न मला मराठीच्या मास्तराला सुचण्याचे कारण नव्हते. पण त्याच संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. वर्गात असताना त्याला संधी आणि समास यांतला फरक कधी कळला नाही. हल्ली तो जळगावच्या कोर्टात चांगली वकिली करतो. (दोहोंचा काही संबंध असेल असे मला वाटत नाही.) लाखेची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "सर, ह्या लाखेवरून आपल्या जिल्ह्याचा एक खटला दिल्लीपर्यंत गेला आहे. तुम्हांला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने निकालाची प्रत आणून दिली आणि मी फराळाच्या वासात बसून ती वाचून काढली.

गोष्ट १९६१ च्या एप्रिल महिन्यातली. महाराष्ट्र राज्याला जेमतेम एक वर्ष होत होते. जळगाव जिल्ह्यातील एका मोटार चालविणाऱ्या इसमाच्या हातून अपघात झाला. त्याचे नाव त्या निकालालाच आहे आणि देशातील फौजदारी वकिलांना ते पाठ असते. मी मात्र ते येथे लिहीत नाही. ज्या लेखाचा विषयच माणसाचे गुपित हा आहे, त्यात साठ वर्षांपूर्वीच्या एका ड्रायव्हरच्या श्वासाला कसला वास येत होता हे त्याच्या नावानिशी पुन्हा छापणे मला बरे वाटत नाही. तर त्याला डॉक्टरांपुढे नेले. डॉक्टरांना तोंडाला दारूचा वास आला. त्यांनी शिरेतून रक्त घेतले. ते पुढे पोलिसांमार्फत रासायनिक परीक्षकाकडे गेले, आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

आता त्या काळचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई राज्यात १९४९ च्या अधिनियमाने दारूबंदी आली आणि १९५० पासून ती पूर्णपणे लागू झाली. पुढील काही वर्षे पोलीस नाकाने खटले चालवीत. वास आला की खटला! पण वास कशाचा हे नाकाला कळत नाही. खुद्द मुंबईत मोटार वाहतूक खात्याचा एक बडा अधिकारी असाच जीपगाडीच्या अपघातात सापडला. त्याचे म्हणणे, आपण मद्यार्क असलेले एक शक्तिवर्धक औषध घेतले होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. आमच्याकडेही त्या काळात द्राक्षासवाचा आणि अरिष्टांचा खप अचानक वाढला होता असे जुनी मंडळी सांगतात. इतके अशक्त लोक खानदेशात एकाएकी कोठून आले हे धन्वंतरीलाच ठाऊक.

तेव्हा सरकारने नाकावरचा भरवसा सोडला आणि रक्तावर ठेवला. १९५९ साली कायद्यात नवी कलमे आली, ६६ चे पोटकलम २, १२९-अ आणि १२९-ब. रक्तात शेकडा ०.०५ किंवा अधिक मद्यार्क निघाला तर 'मी घेतले ते औषध होते' हे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर. आणि रक्त कसे घ्यायचे याचे नियमही त्याच वर्षी झाले. ते वाचताना मला आप्पांची आठवण झाली, कारण ते लिहिणाऱ्या गृहस्थाने प्रयोगशाळा जवळून पाहिली असली पाहिजे. पिचकारी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करायची. कातडी पुसायला स्पिरिट वापरायचे नाही, कारण स्पिरिट म्हणजे मद्यार्कच. सुईच्या टोकाला त्याचा थेंब लागला तर गंगेत न्हाऊन आलेला मनुष्यही दारूबाज ठरायचा. निदान पाच सी. सी. रक्त घ्यायचे. बाटलीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून औषधे घालायची. मग चिठ्ठी, लाख, मोहोर. रक्त नासले तर बाटलीतल्या बाटलीतच मद्यार्क तयार होऊ शकतो, हे आप्पांनी मला लहानपणी सांगितले होते. त्या वेळी मला ती भुताची गोष्ट वाटली होती.

आमच्या खटल्यात नेमकी येथेच मेख होती. एरंडोलच्या मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालला आणि शिक्षा झाली. जळगावच्या सेशन कोर्टात अपील गेले. न्यायाधीशांनी विचारले, रक्त घेताना काय काय काळजी घेतली? बाटली मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती? कोठे ठेवली होती? पुराव्यात याची धड उत्तरे नव्हती. तेव्हा त्यांनी खटला पुन्हा चालवा असा हुकूम केला. हायकोर्टाने हात घातला नाही. म्हणून तो ड्रायव्हर दिल्लीला गेला. एक बाटली रक्त, आणि त्याच्यासाठी पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ! गरिबाच्या रक्ताला इतका मान एरवी कधी मिळतो?

आरोपीच्या बाजूचा मुद्दा मला मोठा मार्मिक वाटला. कायद्याने १२९-अ कलमात रक्त घेण्याची रीत घालून दिली आहे. पोलिसाने किंवा दारूबंदी अंमलदाराने पाठवावे, डॉक्टरने तपासावे, रक्त घेऊन रीतसर पाठवावे. हे रक्त त्या क्रमाने घेतलेलेच नाही. मग ते माझ्याविरुद्ध कसे चालेल? १९६३ साली निकाल झाला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कलम १२९-अ ही एक वाट आहे, एकमेव वाट नव्हे. रक्त दुसऱ्या रीतीने घेतलेले असले तरी त्यातील मद्यार्काचा पुरावा कोर्टापुढे येऊ शकतो. तो पुरेसा आहे की नाही हे मग पाहावे. बहुमताशी मतभेदही झाला. कायद्याने एक रीत सांगितली असताना दुसऱ्या वाटेने आलेल्या रक्तावर आरोपीला कोंडीत धरू नये, असा त्या मतभेदाचा रोख होता. आणि पुन्हा पहिल्यापासून खटला चालविण्याचा हुकूम मात्र सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. फेरखटला ही अपवादाची गोष्ट आहे. उणीव असेल तर अपिलातच जादा पुरावा घ्या आणि निकाल द्या, असे सांगून प्रकरण सेशन कोर्टाकडे परत पाठविले. फेरखटल्याविषयीचा तो परिच्छेद आज भारतभरच्या कोर्टांतून उद्धृत होतो. एरंडोलहून निघालेली बाटली अशी गावोगाव हिंडते आहे.

कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेल. मी कोण बोलणार? पण माझा कल त्या मतभेदाकडे जातो. दवाखान्यात आलेला मनुष्य डॉक्टरपुढे हात पुढे करतो तो विश्वासाने. त्याच हाताची साक्ष पुढे कोर्टात होणार असेल तर ती कोणत्या दाराने बाहेर पडते हे पाहायला नको काय?

आमच्या वकिलाला मी विचारले, "अरे, तुझ्याकडे अशील येऊन काही कबूल करतो. ते तुला सांगावे लागते?"

"मुळीच नाही, सर. कायद्याचे संरक्षण आहे. जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६ होते, आता नव्या साक्ष्य अधिनियमात १३२ आहे."

"आणि नवराबायकोचे बोलणे?"

"त्यालाही आहे."

"आणि डॉक्टर?"

तो हसला. "डॉक्टरला नाही."

मला हे खरेच नवीन होते. माणूस वकिलाला सांगत नाही, बायकोला तर नाहीच नाही, ते डॉक्टरला सांगतो. आणि नेमका त्याच तिसऱ्याच्या तोंडाला कायद्याने कुलूप दिलेले नाही! अगदीच नाही असे नव्हे. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. धंद्यात कळलेले रोग्याचे गुपित फोडू नये असे ते बजावतात. अपवाद तीन: न्यायाधीशाचा हुकूम असेल तर, एखाद्या विशिष्ट माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि सरकारला कळविणे बंधनकारक असलेला साथीचा रोग असेल तर. म्हणजे नियम डॉक्टरला म्हणतो, 'गप्प राहा'. कोर्ट म्हणाले, 'बोल', की त्याने बोलावे. हे ठीक आहे. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरा उभा असतो. तो कोर्ट नव्हे आणि रोगीही नव्हे. तो फौजदार. आणि तो बहुधा कागद घेऊन येत नाही. चहाच्या वेळी येतो.

येथे आप्पांची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगू की नको याचा मी आठ दिवस विचार केला, त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "गावाचं नाव घालू नको. माझं घातलं तरी चालेल." मी दोन्ही घालीत नाही.

१९९७ च्या सुमाराची गोष्ट. एका तरुणाने आईच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त दिले. दिलेले प्रत्येक रक्त तेव्हाही तपासले जाई, आजही जाते. पहिल्या तपासणीत त्या रक्ताने एड्सच्या विषाणूची खूण दाखविली. अशा वेळी रीत अशी की बाटली बाजूला काढायची, नमुना मोठ्या शहरात पक्क्या तपासणीसाठी पाठवायचा, आणि तोवर कोणाला, खुद्द त्या माणसालाही, घाईने काही सांगायचे नाही. आप्पांनी लाख लावून नमुना पाठविला. नोंदवहीत नावापुढे एक लहानशी फुली केली.

पुढे दोन आठवड्यांनी त्या तरुणाचे बसस्टँडवर कोणाशी भांडण झाले. पोलीस सोडवायला गेले. झटापटीत तो एका शिपायाच्या मनगटाला चावला. शिपाई नुकता लग्न झालेला. मलमपट्टीसाठी तो दवाखान्यात आला. बरोबर फौजदार होते. रक्तदानाच्या वेळी काही तरी 'निघाले' ही कुजबूज कोठून तरी त्यांच्या कानांवर गेलेली होती. फौजदार मनुष्य भला. आप्पांच्या ओळखीचा, शेजारच्याच तालुक्यातला. तो प्रयोगशाळेत आला, स्टुलावर बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, कागद मागत नाही. लिहून मागत नाही. या पोराच्या घरी नवी नवरी आहे. फक्त सांगा, त्याला *तसं* काही आहे का?"

"मी तोंडाने काही बोललो नाही," आप्पा अजून म्हणतात. "मी फक्त मान हलवली."

संध्याकाळपर्यंत ती मान सगळ्या गावाला कळली. पोलीस ठाण्यातून पानाच्या टपरीवर, टपरीवरून पिठाच्या गिरणीत. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाचा चुलता आमच्या दारात उभा होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, सुटीला घरी आलो होतो. मला तो चेहरा आठवतो. तो भांडायला आला नव्हता. आप्पांचे पाय धरून म्हणाला, "आप्पा, काय व्हयनं ते मालेच सांगा. दुसरा कोनले सांगू नका." दुसऱ्या कोणाला सांगायचे बाकी राहिले नव्हते. तरुणाचे ठरलेले लग्न मोडले. कोर्टात खटला किरकोळ होता, तो दंडावर मिटला. तरुण सुरतेला गेला.

महिन्याभराने शहरातून पक्क्या तपासणीचा कागद आला. त्यात काही नव्हते. पहिली तपासणी चुकली होती. अशा पहिल्या चाळणीत ती पुष्कळदा चुकते, म्हणून तर दुसरी असते. आप्पा तो कागद घेऊन स्वतः त्या घरी गेले. घराला कुलूप होते.

ही गोष्ट मी अनेकांना सांगून पाहिली आहे. पोलिसांतले मित्र म्हणतात, शिपायाच्या बायकोचा विचार कोण करणार? प्रश्न खोटा नाही. वर सांगितलेला दुसरा अपवाद, 'विशिष्ट माणसाला गंभीर धोका', तो जणू अशाच प्रसंगासाठी लिहिलेला दिसतो. पण मनगटाला चावल्याने हा रोग जडण्याची शक्यता जवळजवळ नसतेच, हे शिपायाला डॉक्टरने समजावून सांगितले असते तर पुरे होते. आणि धोका खरा असता तरी चावा घेतल्याबरोबर शिपायालाच औषध सुरू करता आले असते की नाही हा डॉक्टरांचा विचार होता. त्यासाठी गावाला त्या तरुणाचे रक्त वाचायची गरज नव्हती. कागद मागितला असता तर तो कागद डॉक्टरांच्या हातून गेला असता, त्यावर 'पक्की तपासणी बाकी' असे लिहिलेले असते. मान हलवण्यावर असा शेरा लिहिता येत नाही.

आता कायदा बदलला आहे. २०१७ साली या रोगाविषयी स्वतंत्र कायदा झाला, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या लेखी संमतीवाचून त्याची या बाबतीतली स्थिती उघड करायची नाही. कोर्टाला वाद सोडविण्यासाठी ती आवश्यक वाटली तर कोर्ट हुकूम करील. त्याच वर्षीच्या ऑगस्टात नऊ न्यायमूर्तींनी खाजगी आयुष्य हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. दुसऱ्या बाजूने पोलिसांचा हातही लांब झाला आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी संहिता गेली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ प्रमाणे अटकेतील आरोपीची डॉक्टरकडून तपासणी करवून घेता येते. रक्त, थुंकी, केस, नखांचे तुकडे, वीर्य, सगळे घेता येते, आणि गरजेपुरता जोरही वापरता येतो. पूर्वी त्यासाठी निदान सब-इन्स्पेक्टर लागे. आता कोणताही पोलीस अधिकारी चालतो. याला कोणी हरकत घेतली तर उत्तर तयार आहे. १९६१ सालीच, आमच्या ड्रायव्हरच्या अपघातानंतर चार महिन्यांनी, जुन्या मुंबई राज्यातून आलेल्या एका प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी सांगितले, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. पुढे रक्तालाही तोच न्याय लागू झाला.

मला याची फारशी तक्रार नाही. आरोपीचे रक्त उघडपणे, आरोपी म्हणून, डॉक्टरच्या हाताने घ्यावे. त्याला कळावे की हे माझ्या औषधासाठी नाही. ते घराचे पुढचे दार आहे. माझी तक्रार मागच्या दाराविषयी आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी साखर तपासायला दिलेले रक्त, तुमच्या मुलीची प्रसूतीच्या दवाखान्यातली फाइल, तुमच्या भावाने मनाच्या आजारासाठी घेतलेली औषधे, हे सारे कोणाच्या तरी कपाटात, हल्ली कोणाच्या तरी संगणकात, पडलेले आहे. नव्या संहितेचे कलम ९४ ठाणे अंमलदाराला 'अमुक कागद हजर करा' असा लेखी आदेश काढू देते. रुग्णालयांतील मंडळी त्या आदेशाला देवाची आज्ञा समजतात. आदेश लेखी आहे, कोणता कागद हवा ते लिहिले आहे, कोणत्या गुन्ह्यासाठी ते लिहिले आहे, इतके तरी पाहावे की नाही? 'गेल्या वर्षभराची नोंदवही द्या' असे म्हटले तर त्यात एका आरोपीबरोबर पाचशे निरपराध माणसे ठाण्यात जातात. अशा वेळी कोर्टाचे पत्र आणा म्हणण्यात उद्धटपणा नाही. एक पान हवे तर एक पानच द्यावे.

याचा सर्वांत वाईट फटका मुलींना बसतो. अठरा वर्षांखालील मुलगी गर्भवती होऊन डॉक्टरकडे आली, तर लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळविलेच पाहिजे. नाव जाहीर होईल या भीतीने मग ती डॉक्टरकडे जातच नाही. कोणा तरी बाईकडे जाते, आणि काय होते ते आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यांना विचारा. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने यावर वाट काढली: डॉक्टरने खबर द्यावी, पण मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर तिचे नाव-गाव सांगण्याची गरज नाही. किती डॉक्टरांपर्यंत हे पोचले आहे याविषयी मी साशंक आहे.

परदेशातही हाच गुंता आहे. आमच्या खटल्यानंतर तीनच वर्षांनी, १९६६ साली, अमेरिकेत अपघात केलेल्या एका ड्रायव्हरचे रक्त रुग्णालयात पोलिसांच्या सांगण्यावरून, तो नको म्हणत असताना, घेतले गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते चालेल म्हटले. पण पाच विरुद्ध चार. कॅनडातील प्रकरण तर एरंडोलच्या सख्ख्या भावासारखे. डॉक्टरने औषधोपचाराच्या कामासाठी म्हणून जखमेतून वाहणारे रक्त बाटलीत धरले, आणि मग, कोणी मागितले नसताना, ते पोलिसाच्या हाती दिले. १९८८ साली तेथील न्यायालयाने तो पुरावा फेटाळला. आणि स्कॉटलंडमध्ये? तेथे एका तुरुंगात १९९३ साली सुयांमधून एड्सचा विषाणू पसरला. डॉक्टरांनी कैद्यांना गुप्ततेचा शब्द देऊन रक्त मागितले, कैद्यांनी दिले. काही वर्षांनी त्यांतील एका माणसावर, आपल्याला रोग असल्याचे लपवून मैत्रिणीला तो दिल्याचा खटला झाला. पोलीस वॉरंट घेऊन त्या संशोधनाच्या नमुन्यांपर्यंत पोचले. २००१ च्या फेब्रुवारीत त्याला दोषी ठरविले आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या बाईवर अन्याय झाला होता यात शंका नाही. पण डॉक्टर मंडळींनी तेव्हा विचारले, आता उद्या तुरुंगात आम्ही रक्त मागितले तर हात कोण पुढे करील? माहीत नसेल तर गुन्हाच नाही, असे समजून लोक तपासणीच टाळतील, ही त्यांची भीती होती. दोन्ही बाजूंनी खरे बोलणारी माणसे असलेले भांडण सर्वांत अवघड. मी त्यात डॉक्टरांच्या बाजूला किंचित झुकतो, पण वॉरंट कोर्टाचे होते, चहाच्या पेल्यावरचे नव्हते, एवढे मला मान्य केले पाहिजे.

गुप्ततेचा अतिरेक करू नये हे मलाही कळते. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे एका महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन मुलगा. सरकारी रुग्णालयात त्याचे म्हणून घेतलेले रक्त बदलले आणि त्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवले, असा आरोप पोलिसांनी ठेवला; डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेला दुसरा नमुना जुळेना म्हणून ते बाहेर आले. मी ते वर्तमानपत्र आप्पांना वाचून दाखविले. त्यांनी एकच प्रश्न केला: "मोहोर कोणाच्या ताब्यात होती?" जळगावच्या न्यायाधीशांनी विचारले होते तेच. जळगाव-धुळे रस्त्यावर आज इतके अपघात होतात, आणि मोटार कायद्याची मर्यादा तर आता शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमवर आली आहे. तेव्हा असल्या बाटल्यांची संख्या कमी व्हायची नाही.

आणि आपण सामान्य माणसे? गेल्या महिन्यात मी स्वतःची साखर तपासून घ्यायला एका खाजगी लॅबमध्ये गेलो. बाकावर वीस माणसे. आतून एक चुणचुणीत मुलगा बाहेर आला आणि माझे आडनाव पुकारून म्हणाला, "सर, तुमची दोनशे चाळीस! डॉक्टरांना दाखवून घ्या हं." बाकावर माझे दोन विद्यार्थी होते. संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये माझ्या चहातली साखर बंद झाली होती. मी रागावणार होतो. पण त्या मुलाचा चेहरा इतका काळजीचा होता की रागावता येईना. शिवाय तोच कागद त्याने माझ्या मोबाइलवर पाठविला होता, आणि चुकून माझ्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थाचाही. त्यांच्या मूत्रपिंडाविषयी मला आता त्यांच्या मुलांपेक्षा जास्त माहिती आहे. मी तो कागद पुसून टाकला. त्यांना कळवावे की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही.

काल रात्री निकालाची प्रत वकिलाला परत देण्यापूर्वी मी आप्पांना ती सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकले. रासायनिक परीक्षकाचा भाग आला तेव्हा पुन्हा सांगायला लावला. मग बराच वेळ गप्प होते.

"पुढे काय झालं त्याचं?"

"कोणाचं, आप्पा?"

"त्या ड्रायव्हरचं. दिल्लीहून परत पाठवलं ना? मग इकडे सुटला का अडकला?"

मी म्हणालो, "पुस्तकात तेवढं नाही. पुस्तक दिल्लीलाच संपतं."

"आणि तो सुरतचा?" असे त्यांनी विचारले नाही. मला वाटले होते ते विचारतील. ते उठले, खाटेच्या कठड्याला धरून माळ्याखाली आले, आणि लाखेची कांडी पुन्हा कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. वर पगाराच्या पावत्या ठेवल्या. मग मला पेटी वर चढवायला सांगितली.